सात तोळ्यांचा जीव

(द्वितीय वर्ष, कला)

‘माणसांचे हाल कुत्रा खात नाही, आणि तू उंदीर पाळतोस?’ हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी विचारला आहे, की एकदाच काय ते लेखी उत्तर देऊन मोकळे व्हावे म्हणून हा प्रपंच. विचारणाऱ्यांत वर्गमित्र आहेत, खोलीमालक आहेत, झालेच तर एक-दोन प्राध्यापकही आहेत. प्राध्यापकांनी हसत विचारले, एवढाच काय तो फरक.

पहिली गोष्ट, तो उंदीर नव्हे. हॅम्स्टर हा कुरतडणाऱ्यांच्या त्याच मोठ्या कुळातला, पण आखूड शेपटीचा, गालांच्या पिशव्यांत धान्य साठवणारा प्राणी. जर्मन भाषेत ‘साठा करणे’ या अर्थाचे क्रियापदच त्याच्या नावावरून झाले आहे. दुकानांतून जो सोनेरी रंगाचा विकला जातो, तो मूळचा सिरियाचा. 1930 साली इस्रायल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पो शहराजवळच्या एका शेतातून एक मादी नि तिची पिल्ले खणून काढविली. त्यांतली मोजकीच जगली. ती जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात वाढली, आणि आज जगभर पाळल्या जाणाऱ्या बहुतेक सोनेरी हॅम्स्टरांचा वंश त्या एका बिळापर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणजे हा गव्हाच्या शेताचा, आपल्यासारख्यांच्याच शेजारचा, असे मी माझ्या मायला सांगितले. तिला ते पटले. बापाला नाही पटले. त्याचे पुढे सांगतो.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू खेड्यातला. जळगावला शिकतो आणि खोलीभाडे निघावे म्हणून दोन घरी शिकवण्या घेतो. त्यांपैकी एका घरी मुलाच्या वाढदिवसाला हॅम्स्टर आणला होता. महिनाभर कौतुक झाले. मग परीक्षा आली, मग नवा मोबाईल आला, आणि पिंजरा जिन्याखाली गेला. गेल्या एप्रिलात मी तो पाहिला, तेव्हा पाण्याची बाटली कोरडी होती आणि तळाचा भुसा मुताने कुजून डोळे चुरचुरत होते. अंगावरचे केस चकत्याचकत्यांनी गेलेले, एक डोळा चिकटलेला, वरचे दात वाढून आत वळलेले. या जातीचे दात जन्मभर वाढतात; कुरतडायला काही मिळाले नाही तर तेच दात तोंडाचे दार बंद करतात. आणि मागच्या एका पायाला कापसाचा तंतू आवळून बसला होता. मऊ अंथरूण म्हणून कुणीतरी मायेनेच पिंजऱ्यात कापूस घातला होता! आमच्या खानदेशात कापसावर घरे चालतात. तोच कापूस बोटभर जीवाचा पाय कापतो, हे मी तिथे पाहिले.

घरातली माणसे वाईट नव्हती, हे मुद्दाम लिहितो. त्यांनी मला चहा दिला, आणि ‘घेऊन जा, नाहीतर शेतात सोडून देऊ’ असे सांगितले. शेतात सोडणे म्हणजे मुक्त करणे, असा त्यांचा प्रामाणिक समज. पिंजऱ्यात जन्मलेले, परमुलखातले, पाय लंगडा झालेले जनावर आपल्या बांधावर एक रात्रसुद्धा काढणार नाही. घुबडाची सोय होईल, इतकेच.

पिंजरा खोलीवर आणला आणि गावी फोन लावला. माझी आजी 1972 च्या दुष्काळातल्या गुरांच्या हकिकती नेहमी सांगते. वर्षभर काड्या चघळून जगलेली गुरे पाऊस पडताच कोवळ्या ज्वारीवर तुटून पडली आणि तिथल्या तिथे मेली; दुष्काळातून वाचली ती हिरवळीने गेली. कोवळ्या ज्वारीत विष असते, हे शास्त्रही सांगते. आजी फोनवर एवढेच म्हणाली, ‘उपाशी ढोरले पयले पानी दे, मंग चारा.’ शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे. पहिला दिवस ड्रॉपरने थेंब थेंब पाणी. दुसऱ्या दिवसापासून भिजवलेल्या बाजरीच्या पिठाची पातळ पेज, तीही दर दोन-तीन तासांनी काडीच्या टोकावर. मग मोड आलेले मूग, नखाएवढी काकडी, उकडलेल्या अंड्याचा कण. येणारे-जाणारे मित्र शेंगदाणे आणि केळी पुढे करीत. जळगावात कोणत्याही दुखण्यावर केळे सुचविले जाते! पण उपाशी पोटाला तेल नि साखर एकदम सोसत नाही, आणि चिकट केळे गालाच्या पिशवीत बसून राहते. दया म्हणून जे हातात येईल ते समोर टाकणे हीदेखील हेळसांडच, फक्त गोड.

दवाखान्याची कथा निराळी. जळगावात जिथे गेलो तिथे ‘आम्ही गुरांचे डॉक्टर’ म्हणून परत पाठविले. धुळ्याला कुत्र्यामांजरांचे एक डॉक्टर आहेत असे कळले. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न केला, ‘वजन किती? ग्रॅममध्ये सांगा.’ कारण केस गेले होते ते खरजेने, आणि तिच्यावरचे औषध गुरांना टोचतात त्याच कुळातले. बैलाला जे मिलिलिटरात, ते याला पातळ करून थेंबात. मात्रा चुकली तर औषधच घात करते. वाण्याच्या काट्यावर एवढ्या लहान वजनाचा भरवसा धरता येईना. आमच्या चाळीत सराफ बाजारात काम करणारा एक बंगाली कारागीर राहतो. त्याच्या सोन्याच्या काट्यावर वाटी ठेवली, वाटीत हा. भरला 71 ग्रॅम. ‘सात तोळा,’ कारागीर म्हणाला. जळगावात सात तोळे म्हटले की पेढीवरचा माणूस खुर्ची पुढे करतो. पूर्ण वाढलेला हॅम्स्टर साधारण 100 ते 150 ग्रॅमचा असतो. तेव्हा कमतरता किती, हे त्या काट्याने सांगितले.

पहाटेच्या एस.टी.ने त्याला टोपलीत घालून धुळ्याला नेले. डॉक्टरांनी दात कापले, भिंग लावून पायातला तंतू काढला. पाय वाचला, एक बोट गेले. फी घेताना तेच जरा संकोचले.

खरी लढाई उन्हाशी होती. या प्राण्याला वीस-बावीस अंशांची हवा मानवते. तिशीपुढे त्याचे हाल सुरू होतात. आणि आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे 44-45! पत्र्याची खोली, कूलर नाही. बापाने (तेव्हा तो अजून रागावलेला होता) माठाची युक्ती सांगितली. फुटक्या कडेचा जुना माठ परातीतल्या ओल्या वाळूत आडवा रोवला, वरून ओले गोणपाट. माठाचे आत कोरडे नि गार. आत कापसाऐवजी कोऱ्या कागदाच्या पट्ट्या. दुपारभर तो तिथे पडून राही आणि रात्री बाहेर येई. पाण्याने याला न्हाऊ घालायचे नसते, हा वाळूत लोळून अंग साफ करतो. त्यासाठी गिरणेची दोन मुठी वाळू धुऊन, तव्यावर भाजून घेतली. गिरणेच्या वाळूपायी इथे एवढी प्रकरणे होतात, त्यात दोन मुठींचे काय!

तिसऱ्या आठवड्यात 84 ग्रॅम झाले. पोळ्याच्या सुमारास 112. पाठीवर केस आले, ते आधीपेक्षा गडद. आता रात्री एकच्या पुढे चाक असे फिरवतो, की माझा अभ्यास त्याच्या आवाजावर चालतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. माणसे उपाशी असताना हे कशाला? माझे म्हणणे असे, की मुठीत मावणाऱ्या या जीवाने कोणाच्या तोंडचा घास काढलेला नाही. दिवसाकाठी चमचाभर धान्य तो खातो. त्याचे हाल झाले ते गरिबीने नव्हे, खात्यापित्या घरात झाले. आपल्याकडे दयेचा तुटवडा नाही. जळगावला पांजरापोळ आहे, गावोगावी गोशाळा आहेत, पोळ्याला बैलाला पुरणपोळी मिळते. ज्या बहिणाबाईंचे नाव आपल्या विद्यापीठाला आहे, त्यांनी सुगरणीच्या खोप्याकडे किती बारकाईने पाहिले ते आपण अभ्यासतो. उणीव आहे ती त्या बारकाईची. बैल कसा ठेवावा हे चार पिढ्यांनी शिकविलेले असते. हॅम्स्टर दुकानातून पिशवीत घालून येतो, आणि त्याच्याबरोबर एक ओळीची चिठ्ठीही येत नाही.

कायदा आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकातून 1960 चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आला. पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा त्यात गुन्हा आहे. आणि पहिल्या गुन्ह्याला त्यात लिहिलेला दंड किती? 10 ते 50 रुपये! आमच्या कॅंटीनमध्ये दोघांचा नाश्ता यापेक्षा महाग पडतो. 2018 मध्ये पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीही नियम झाले, दुकानांना नोंदणी बंधनकारक झाली. पण विकत घेणाऱ्या बापाला ‘हा किती वर्षे जगतो, उन्हाळ्यात कुठे ठेवाल’ असे दोन प्रश्न काउंटरवरच विचारले गेले, तर निम्मी पिल्ले विकलीच जाणार नाहीत, आणि ते बरेच होईल.

राहिला बापाचा प्रश्न. ‘याचा उपयोग काय?’ मी त्याला सांगू शकलो असतो, की अलेप्पोच्या त्या पिल्लांचा वंश पहिल्याने काळा आजार या रोगाच्या संशोधनासाठी वापरला गेला, आणि त्या रोगाने बिहार-बंगालात माणसे मरत होती. खरे आहे ते. पण मी ते सांगितले नाही. उपयोग दाखवून दया मागायची, तर ज्याचा उपयोग संपला त्याचे काय? शिवाय हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. दोन वर्षांपूर्वी मी कला शाखेचा फॉर्म भरला, तेव्हा भावकीतल्या प्रत्येकाने तोच विचारला होता आणि बाप एकटा गप्प बसला होता. ती आठवण मी त्याला दिली. तो हसला, आणि मग माठाची युक्ती सांगितली.

हॅम्स्टर दोन-अडीच वर्षे जगतो. हा आता दीड वर्षाच्या पुढे असावा. म्हणजे त्याचा एक उन्हाळा उरला आहे, आणि त्याच मे महिन्यात माझी परीक्षा संपून मला कापसाच्या रानाच्या मशागतीला गावी जावे लागेल. एस.टी.तली ती दुपार त्याला झेपणार नाही. कुणाच्या घरी कूलरची खोली असेल आणि रात्रीच्या चाकाच्या आवाजाचा त्रास नसेल, तर मला वाचनालयात भेटावे. माठ, वाळू आणि काय खायला घालायचे याचा कागद मी सोबत देईन.