स्वयंपाकातला ‘स्वयं’

बाळ चार महिन्यांचं होतं तेव्हा एका नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र आलं. खाद्यसंस्कृती विशेषांक काढत आहोत, तुम्ही भाषांतरकार, कोलकात्यात राहणाऱ्या, दोन भाषांच्या स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या. तेव्हा आजीच्या हातच्या चवीवर, थंडीतल्या गरम सारावर, बाळंतपणातल्या पथ्यपाण्यावर काही ‘ऊबदार’ लिहाल का? पत्र वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. बाळ खांद्यावर होतं आणि गॅसवर मुगाचं कढण खाली लागत होतं. वास आला तोवर उशीर झाला होता. तेच कढण वरून वरून काढून प्यायले आणि पातेलं भिजत टाकून झोपले.

तो लेख मी लिहिला नाही. का लिहिला नाही, ते इथे सांगते.

आपल्या सगळ्याच भाषांत अन्नावर लिहिण्याची एक ठरीव रीत होऊन बसली आहे. चूल असते, पितळेचं पातेलं असतं, फोडणीचा वास असतो आणि आईचे किंवा आजीचे हात असतात. हातच असतात, बाकीची बाई क्वचितच दिसते. लिहिणारा आता मोठ्या शहरात असतो, ती चव पुन्हा मिळत नाही म्हणून हळहळतो. त्या आठवणीत तो नेहमी पाटावर बसलेला असतो. ओट्याशी उभा असलेला मी तरी फारसा पाहिलेला नाही. मराठीत हे आहे, बांगलात आहे, आणि भाषांतरातून वाचलेल्या मलयाळम-कन्नडमध्येही आहे. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने इतकं साम्य पाहून खूश व्हायला हवं. मला आता त्याचा राग येतो.

या रागात मी स्वतःलाही धरते. काही वर्षांपूर्वी एका मराठी कथेचं बांगला भाषांतर करताना ‘आईने हुलग्याचं माडगं केलं’ असं अर्धं वाक्य आलं. माडग्याला बांगलात शब्द नाही. मी तीन ओळींची टीप लिहिली : हुलगे म्हणजे काय, ते कुठे पिकतात, पावसाळ्यात आणि आजारपणात माडगं का पितात. टिपेचं कौतुकही झालं. पण माडगं करताना पीठ थंड पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात धार धरून सोडावं लागतं, आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळत राहावं लागतं. हात थांबला की गुठळ्या होतात. हे मला बाळ झाल्यावर कळलं, कारण माझा दुसरा हात आता मोकळा नव्हता. भाषांतरकार नामांवर भांडतात : आमटी तशीच ठेवायची का, साराला सूप म्हणायचं का. ‘केलं’ या क्रियापदाकडे आमच्यापैकी कोणी पाहत नाही, कारण ते सगळ्या भाषांत सहज जातं.

आता सूपचंच घ्या. मराठी घरात सूप म्हणजे आधी धान्य पाखडायचं साधन, मग हॉटेलातल्या वाटीतलं. पण संस्कृतात सूप म्हणजे शिजवलेली पातळ डाळ, आणि सूपकार म्हणजे आचारी. हे सूपकार पुरुष होते आणि त्यांना नाव होतं. विराटाच्या घरी भीम बल्लव होऊन राहिला. ऋतुपर्णाकडे नल बाहुक होऊन राहिला आणि त्याच्या नावावर ‘पाकदर्पण’ नावाचा ग्रंथही आहे. आजही एखाद्या रविवारी घरातल्या पुरुषाने मटण केलं की आपण त्याला हौसेने बल्लवाचार्य म्हणतो. बाईसाठी शब्द आहे सुगरण. बल्लवाचार्य ही पदवी एका रविवारात मिळते. सुगरण ही रोजची परीक्षा आहे आणि तिचा निकाल दुसरेच लावतात.

आणि या सगळ्याला मराठीत म्हणतात स्वयंपाक. बांगलात रान्ना, हिंदीत रसोई, कोंकणीत रांदप. मराठीने मात्र रोजच्या वापरासाठी जो शब्द घेतला त्याचा अर्थ स्वतः शिजवणं. दुसऱ्याच्या हातचं चालत नाही म्हणून आपलं आपण रांधून खाणारा तो स्वयंपाकी. म्हणजे शब्दाच्या मुळाशी सोवळं आहे, आणि त्याचा अभिमान बाळगण्याचं कारण नाही. पण निदान त्या सोवळ्यात जेवणारा आणि रांधणारा एक होता. आज जो जेवतो तो रांधत नाही, जी रांधते ती शेवटी जेवते, आणि शब्द मात्र ‘स्वयं’ म्हणतो.

शेवटी जेवणाऱ्या बाईचं सगळ्यात थेट वर्णन मला बांगलातच मिळालं. राससुंदरी देवींचं ‘आमार जीबन’ 1876 सालचं. चैतन्यभागवताचं एक पान लपवून, मुलाच्या ताडपत्रावरच्या अक्षरांशी ताडून पाहत, त्या स्वयंपाकघरात वाचायला शिकल्या, म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्याच पुस्तकात त्या सांगतात की सगळ्यांचं करून जेवायला बसावं, तर कधी पाहुणा येई, कधी मूल रडे, आणि दोन दोन दिवस पोटात अन्न जात नसे. त्यांना बारा मुलं झाली. शेवटचं झालं तेव्हा त्या एकेचाळीस वर्षांच्या होत्या. माझं पहिलं झालं तेव्हा मीही तेवढ्याच वयाची होते. एम.ए.ला असताना त्यातलं वाचायला शिकण्याचं प्रकरण मी अधोरेखित केलं होतं. उपाशी राहण्याच्या पानावर पेन्सिलीची एक खूणही नाही. परवा मुद्दाम काढून पाहिलं.

‘नव्या आईबापांसाठी वीस मिनिटांत पौष्टिक सूप’ असल्या याद्या मला गेल्या वर्षभरात अनेकांनी पाठवल्या. प्रेमाने पाठवल्या. त्यातली वीस मिनिटं कुठून मोजतात ते मी एकदा मुगाच्या कढणावर तपासलं. अर्धी वाटी मूग भाजून चार वाट्या पाण्यात कुकरला लावायचे, चार शिट्ट्या करायच्या, घोटायचे, आलं आणि मीठ घालून उकळायचे, वरून तूप-जिरं-हिंगाची फोडणी. लिहिलंय ते खोटं नाही, वीस-पंचवीस मिनिटांत होतं. पण मूग आणणं, निवडणं, कुकर धुणं, वाफ जाईपर्यंत थांबणं, तिसऱ्या शिट्टीला दचकून उठलेल्या बाळाला पुन्हा निजवणं आणि शेवटी भांडी घासणं हे कुणी धरत नाही. माझा हिशेब दीड तासावर गेला.

आणि यादीत एक गोष्ट आणखी हरवली आहे. बाळंतिणीचं पातळ अन्न हे आपल्याकडे कधीच बाळंतिणीने करायचं अन्न नव्हतं. आमच्याकडे कढण, अळिवाची खीर, मेतकूट-तूप-भात. इकडे कच्ची केळी घातलेलं शिंगी-मागूर माशांचं पातळ झोल. कोल्हापुराकडे तिखट पडण्याआधी बाजूला काढलेलं अळणी. ही सगळी देण्याची अन्नं आहेत. ती कुणीतरी आणून हातात द्यायची. नव्या याद्यांनी पाककृती ठेवली आणि देणारा काढून टाकला. आता बाळंतिणीनेच करायचं, बाळंतिणीनेच प्यायचं. स्वयंपाकातला ‘स्वयं’ परत आला तो नेमका इथे.

म्हणून जुनं ते सोनं म्हणू का? नाही. ती विश्रांती मिळायची ती विटाळाच्या नावाने. बाई सोयरात आहे, तिने चुलीला शिवायचं नाही, म्हणून तिला चुलीपासून सुटका. विटाळ आपण टाकला, चांगलं केलं. त्याच्यासोबत विश्रांतीही टाकली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शिवाय देणारी तरी कोण होती? दुसरी बाईच. माझी आई सत्तराव्या वर्षी, दुखरे गुडघे घेऊन साताऱ्याहून आली आणि सव्वा महिना रोज कढण करून हातात देत राहिली. जायच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, ‘आई, आज तूही घे ना वाटीभर.’ ती म्हणाली, ‘नको गं बाई. मला मुगाचा वासच सोसत नाही. पहिल्यापासून.’ एक्केचाळीस वर्षं मी तिची मुलगी आहे आणि तिच्या हातच्या चवीबद्दल पाचेक वेळा तरी छापून आलेलं लिहिलं आहे. तिच्या जिभेची चव मला ठाऊक नव्हती.

आई गेल्यावर नवऱ्याने कढण शिकून घेतलं. पहिले आठ दिवस तो ‘मी मदत करतो’ म्हणायचा. नवव्या दिवशी आमचं भांडण झालं ते या शब्दावरून. मदत म्हणजे काम माझं, आणि तो उपकारापुरता आलेला. त्याला हे पटायला तीन दिवस लागले. भाषेच्या माणसाशी लग्न केल्याची ही किंमत. आता संध्याकाळचं जेवण त्याचं. काय करायचं हे विचारणंही त्याचं नाही, ठरवणंच त्याचं. हे ऐकून दोन्हीकडचे नातेवाईक मला म्हणतात, ‘नशीब काढलंस.’ माझ्या आईच्या नवऱ्याला असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही, आणि नशीब तर त्यांनी माझ्याहून मोठं काढलं होतं.

हे केवळ माझ्या घरचं रडगाणं नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटं गेले, ते करणाऱ्या पुरुषांचे 97. आणि हे ‘करणाऱ्यां’चे आकडे आहेत. मुळात ते काम करणारे पुरुष निघाले शंभरातले सव्वीस, बायका एक्क्याऐंशी. आपण या 299 मिनिटांना साहित्यात ‘माया’ म्हणतो.

कुणी म्हणेल, मग बाई ठेवा. आमच्याकडे आहे. तिला इकडे माशी म्हणतात, मराठीत मावशी. दोन्ही भाषांनी पगाराच्या नात्याला रक्ताचं नाव दिलं आणि दोन्ही भाषांत त्यामुळे रजा मागणं अवघड झालं. 2017 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मातृत्वाची रजा 26 आठवड्यांची झाली, पण ती दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांत. माझ्या घरात स्वयंपाकाला एकच बाई आहे आणि मी स्वतः पानामागे पैसे घेऊन भाषांतर करते. कायद्याच्या लेखी आम्ही दोघीही रजेच्या बाहेर. फरक इतकाच, की ती चार घरचं करून आपल्या घरी जाऊन पाचवं करते, आणि मी त्यावर लेख लिहिते. तो फरक लहान नाही, हे मला कळतं.

दुसरा आक्षेप अधिक जवळचा आहे : सगळ्याचा हिशेबच मांडला तर प्रेमाने केलेल्या जेवणाचं काय? मला स्वयंपाक आवडतो. टोमॅटोच्या सारात नारळाचं दूध घातल्यावर रंग बदलतो तो पाहायला आवडतो. बाळ आता वरणाचं पाणी चाटतं तेव्हा माझाही जीव हरखतो. पण भाषांतराचंही मला प्रेम आहे, आणि म्हणून कुणी माझं नाव न छापता पुस्तक काढलं तर मी गप्प बसत नाही. भाषांतरकाराचं नाव मुखपृष्ठावर हवं म्हणून आम्ही इतकी वर्षं भांडतो आहोत. तेच भांडण ओट्याशी आणलं की ते रूक्ष कसं होतं?

तेव्हा विशेषांक काढणाऱ्यांनी काढावेत. पण माझ्याकडून आजी मागू नका. लेखकाने कढणावर लिहिलं, तर ते कुणी निवडलं, कुणी घोटलं, आणि तिला ते आवडत होतं का, हे त्याला विचारा. उत्तर माहीत नसेल तर फोन करून विचारायला सांगा. मलयाळममध्ये ‘द ग्रेट इंडियन किचन’ या 2021 च्या चित्रपटाने भांडी, खरकटं आणि तुंबलेलं सिंक पडद्यावर आणलं. अन्नावरच्या गद्यालाही ते जमायला हरकत नाही. पुरुष लेखकांना मानधनाआधी एक प्रश्न विचारा : काल रात्रीचं पातेलं कुणी घासलं? आणि आम्हा भाषांतरकारांना माझं सांगणं : माडग्याला टीप द्या, जरूर द्या, पण एक ओळ ढवळणाऱ्या हातासाठीही ठेवा.

संपादकांना मी हेच थोडक्यात कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की अंकाचा सूर जरा वेगळा आहे. ते खरंच असणार. आईला मात्र मी फोन केला आणि तिला कोणतं सार आवडतं ते विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आमसुलाचं. पण घरात कुणाला चालायचं नाही.’ येत्या दिवाळीत ती इकडे येते आहे. आमसुलं आणून ठेवली आहेत. सार नवरा करणार आहे, आणि ती आधी जेवायला बसणार आहे.