खजुराहोचा धडा

पक्षांतराचा विषय निघाला की महाराष्ट्राला जून २०२२ मधील सुरत-गुवाहाटीचा प्रवास आठवतो. परंतु विचारनिष्ठ म्हणवणाऱ्या पक्षाची घडी अंतर्गत कलहाने कशी विस्कटते, याचा धडा त्यापूर्वी सत्तावीस वर्षे गुजरातने दिला होता.

मार्च १९९५ मध्ये गुजरात विधानसभेच्या १८२ पैकी १२१ जागा जिंकून भारतीय जनता पक्ष तेथे प्रथमच स्वबळावर सत्तेवर आला. केशुभाई पटेल मुख्यमंत्री झाले. अवघ्या सहा महिन्यांत शंकरसिंह वाघेला यांनी बंड पुकारले व समर्थक आमदारांना काँग्रेसशासित मध्य प्रदेशातील खजुराहोला नेले. तडजोड म्हणून केशुभाईंना जावे लागले, सुरेश मेहता आले. तरीही कलह शमला नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये वाघेला काँग्रेसच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले.

त्या काळी गुजरातेत आमदारांची तीन नावे रूढ झाली. खजुराहोला गेलेले ते ‘खजुरिया’, केशुभाईंच्या दरबारातील ते ‘हजुरिया’ आणि दोन्हींपासून दूर राहिलेले ते ‘मजुरिया’. लोकांच्या या विनोदात मोठी वेदना होती. एकाच ध्वजाखाली वाढलेल्यांची ओळख आता विचाराने नव्हे, गटाने होऊ लागली होती.

वाघेला बाहेरून आलेले नव्हते. ते संघाच्या शाखेत घडले होते, जनसंघापासूनचे कार्यकर्ते होते, प्रदेशाध्यक्षपदही त्यांनी भूषविले होते. तेव्हा केवळ त्यांच्या सत्तालोलुपतेला दोष देऊन विषय संपत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला असे मानले गेले, त्या केशुभाईंनीही २०१२ मध्ये पक्ष सोडून गुजरात परिवर्तन पक्ष काढला. त्यास दोनच जागा मिळाल्या व २०१४ मध्ये तो भाजपमध्येच विलीन झाला. संस्कार असूनही मानापमानाचा प्रश्न उरतोच, हे मान्य करावयास हवे.

कायद्याने या रोगावर इलाज शोधला. १९८५ च्या कायद्यात एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला असलेली सवलत २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने रद्द झाली. पण कायदा डोकी मोजतो, मने नव्हे. नाराजी वेळीच ऐकून घेणारी बैठक, स्पष्ट बोलण्याची मुभा आणि निर्णयानंतर सर्वांनी पाळावयाची शिस्त ही व्यवस्था संघटनेलाच उभी करावी लागते.

सतरंज्या उचलणारा, पावसात मतदारयाद्या घेऊन फिरणारा कार्यकर्ता खजुराहोला गेला नव्हता. आजही तो कोठे जात नाही. बाहेरून आलेल्याचे स्वागत होताना तो मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवतो. त्याचे मौन म्हणजे संमती, असे नेतृत्वाने गृहीत धरू नये. ज्या दिवशी तो घरी बसेल, त्या दिवशी कोणतेही बहुमत उपयोगी पडणार नाही.