नाकापेक्षा मोती जड होऊ नये

मुंबई बंदरात बॅलार्ड पियरपाशी उभारलेल्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. वर्षास दहा लक्ष उतारूंची सोय, एकाच वेळी पाच जहाजे लागतील इतके धक्के, तीनशे मीटर लांबीपर्यंतच्या नौकांस प्रवेश आणि अकरा मीटर खोल पाणी, असा या टर्मिनलचा सरकारी हिशेब आहे. ज्या धक्क्यावर एके काळी विलायतेहून आलेला साहेब बोटीतून उतरे आणि तेथेच आगगाडीत बसून परभारे पेशावरकडे जाई, त्या धक्क्यावरून आता आपल्याच देशातील मध्यमवर्गीय कुटुंबे समुद्राच्या सहलीस निघतात, ही गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. तेव्हा पुढे आम्ही जे लिहिणार आहोत ते या टर्मिनलच्या द्वेषाने लिहीत नाही, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. टर्मिनल झाले ते योग्यच झाले. परंतु ते कोणत्या मापाच्या जहाजांकरिता चालवावयाचे, आणि ते माप कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न अद्याप कोणी विचारलेला दिसत नाही. तो आज विचारला नाही, तर दहा वर्षांनी विचारण्यात अर्थ उरणार नाही.

प्रथम ही जहाजे कशी वाढत चालली आहेत ते पाहू. जहाजाच्या आकारमानासाठी जो टनांचा आकडा सांगतात तो वजनाचा नसतो. जहाजाच्या पोटातील एकंदर जागेचे ते माप असते. या मापाने १९१२ साली बुडालेली टायटॅनिक सुमारे शेचाळीस हजार टनांची होती, आणि तीच त्या काळी जगातील सर्वांत मोठी बोट म्हणून गाजली. १९८८ मध्ये 'सॉव्हरिन ऑफ द सीज' हे विहाराचे जहाज त्र्याहत्तर हजारांवर गेले. १९९६ मध्ये एक लक्षाची मर्यादा ओलांडली गेली. २००९ मध्ये 'ओअॅसिस ऑफ द सीज' सव्वादोन लक्षांवर पोहोचले. आणि जानेवारी २०२४ मध्ये सफरीस निघालेले 'आयकॉन ऑफ द सीज' जवळजवळ अडीच लक्ष टनांचे व ३६५ मीटर लांबीचे आहे. सर्व खोल्या भरल्या तर त्यावर साडेसात हजारांच्या आसपास उतारू मावतात. नोकर-खलाशी दोन हजारांहून अधिक, ते निराळेच. आपल्याकडे मुंबईहून २०२१ मध्ये फेऱ्या सुरू केलेले 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली बांधलेले व अठ्ठेचाळीस हजार टनांचे आहे. म्हणजे आपल्यास जे मोठे वाटते त्याच्या पाचपट जहाज आज समुद्रावर तरंगत आहे.

ही वाढ हौसेने होत नाही. तिच्यामागे साधा व्यापारी हिशेब आहे. कप्तान एकच, सुकाणू एकच. उतारू दुप्पट झाले म्हणून तेल दुप्पट जळत नाही. शिवाय जहाज मोठे झाले की नाटकगृह, पोहण्याचे तलाव, दुकाने, खाणावळी सर्व त्याच्या पोटातच मावतात. मग उतारूने पैसा खर्चावा कोठे? जहाजावरच. बंदर हे त्या सहलीचे निमित्तमात्र राहते. जहाज जितके मोठे तितकी त्यास गावाची गरज कमी, आणि गावावर त्याचा भार मात्र अधिक. हे एक सूत्र आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवले, तर पुढचा सर्व वाद उलगडेल.

मुंबईच्या टर्मिनलची मर्यादा तीनशे मीटर, आणि जगातील सर्वांत मोठे जहाज ३६५ मीटर. आज ना उद्या कोणीतरी म्हणणार की आपले बंदर अपुरे पडते, धक्का वाढवा, खाडीतील गाळ अधिक उपसा. मुंबईच्या खाडीचा तळ चिखलाचा आहे. भरती-ओहोटीत पाणी चार मीटर व कधी त्याहूनही अधिक खालीवर होते, आणि उपसलेल्या जागी गाळ पुन्हा येऊन बसतो. म्हणजे हा खर्च एकदा करून भागत नाही. तो कायमचा मागे लागतो. गाळ उपसला की मासळीची जागा ढवळली जाते, आणि ससून डॉकच्या कोळ्यांचा संसार त्याच पाण्यावर चालतो. कंपनीचे जहाज उद्या दुसऱ्या बंदरी जाईल. उपशाचा खर्च व कोळ्यांची तक्रार मात्र येथेच राहतील.

ही भीती काल्पनिक आहे असे ज्यांस वाटते त्यांनी मुंबई बंदराचाच इतिहास पाहावा. १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, खुली झाली. तिचा दरवाजा सुमारे २२८ मीटर लांब व साडेतीस मीटर रुंद बांधला; त्या वेळी तो ऐसपैस वाटला असेल. पुढे मालाची जहाजे त्या दरवाजात मावेनाशी झाली. कंटेनरचे युग आले, आणि १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावाशेव्याचे बंदर सुरू होऊन तो व्यापार तिकडे गेला. तो परत आणण्याच्या आशेने २००७ मध्ये मुंबई बंदराने समुद्रात नवे कंटेनर धक्के बांधण्याचा करार केला. प्रिन्स व व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या बुजवून कंटेनरांस जागा करण्याची ती योजना होती. त्या धक्क्यांवर कंटेनरांची गर्दी कधीच झाली नाही. ते मुख्यतः मोटारगाड्या चढविण्याच्या कामी आले. दरम्यान जहाजे आणखी वाढली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात वाढवण येथे ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाच्या बंदराची पायाभरणी झाली. जहाजाच्या मागे धावणारे बंदर जहाजास कधीच गाठू शकत नाही, हा यातील बोध. मालाच्या बाबतीत ही धाव काही अंशी अपरिहार्य होती, कारण देशाची आयात-निर्यात तिच्यावर अवलंबून असते. सहलीच्या बाबतीत तशी कोणतीच सक्ती नाही.

यावर कोणी म्हणेल की मोठ्या जहाजांस नकार दिला तर ती दुबईस जातील, कोलंबोस जातील, आणि मुंबईचा व्यापारी हात चोळीत बसेल. व्यापारीवर्गाचे हित आम्हांसही प्रिय आहे. म्हणूनच हा हिशेब नीट मांडला पाहिजे. जहाज बंदरास दोन प्रकारे लागते. एक, ते सकाळी येते, उतारू आठ-दहा तास गाव पाहतात व सायंकाळी परत चढतात. दुसरा, जहाज आपली सफर त्याच बंदरातून सुरू करते व तेथेच संपविते. पहिल्या प्रकारात उतारूचे जेवण जहाजावर, निजणे जहाजावर. गावास मिळते ते मोटारवाल्याचे भाडे आणि चार वस्तूंची खरेदी. दुसऱ्या प्रकारात भाजी, दूध, मासळी, धान्य, कपडे धुण्याचे काम, डागडुजी हे सर्व त्या बंदरातून घेतले जाते. उतारू आदल्या दिवशी येऊन हॉटेलात उतरतो, आणि त्याचे तिकीट येथला दलाल काढतो. क्रॉफर्ड मार्केटच्या व्यापाऱ्यास फायद्याचे जहाज कोणते, हे त्यास आम्ही सांगावयास नको. मुंबईस घर मानून वर्षभर फिरणारी मध्यम आकाराची चार जहाजे ही वर्षातून चारदा डोकावणाऱ्या एका महाकाय जहाजापेक्षा बाजारास अधिक देतील.

इतर गावांनी काय केले तेही पाहण्याजोगे आहे. व्हेनिस शहरासमोरील अरुंद पाण्यातून ही प्रचंड जहाजे जाऊ लागली तेव्हा लोकांनी वर्षानुवर्षे ओरड केली. २०१२ मध्ये इटलीच्या सरकारने चाळीस हजार टनांवरील जहाजांस तेथे बंदीचा हुकूम काढला. पण पर्यायी मार्ग तयार झाल्यावर तो अमलात यावा, अशी अट घातली. मार्ग तयार झाला नाही आणि हुकूम कागदावर राहिला. २ जून २०१९ रोजी 'एमएससी ऑपेरा' हे पासष्ट हजार टनांचे जहाज ताबा सुटून धक्क्यावर व एका प्रवासी होडीवर आदळले. काही माणसे जखमी झाली. अखेरीस १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांवरील अथवा १८० मीटरांहून लांब जहाजांस त्या मार्गाची मनाई झाली. कायद्यात पळवाट ठेवल्यामुळे नऊ वर्षे फुकट गेली. अमेरिकेतील की वेस्ट या गावाचा अनुभव तर अधिक बोलका आहे. तेथील नागरिकांनी नोव्हेंबर २०२० मध्ये मतदान करून दिवसाला दीड हजारच उतारू उतरावेत व तेराशेहून अधिक माणसे वाहणारी जहाजे येऊ नयेत, असे ठरविले. पुढच्याच वर्षी फ्लॉरिडाच्या विधिमंडळाने कायदा करून तो निर्णय रद्दबातल केला. उलट अलास्कातील जुनो या गावाने जहाज कंपन्यांशी लेखी करार केला: २०२४ पासून दिवसास पाचच मोठी जहाजे, आणि २०२६ पासून उतारूंच्या रोजच्या संख्येवर मर्यादा, सोळा हजार, शनिवारी बारा हजार. जहाज कंपन्या या अटी मान्य करून तेथे जातात. मर्यादा घातली की व्यापार पळतो, हा समज खरा नाही, हे यावरून दिसते.

आता आपल्या कायद्याकडे वळू. मुंबई बंदराचा कारभार मेजर पोर्ट अथॉरिटीज अॅक्ट, २०२१ अन्वये चालतो. त्या कायद्याने नेमलेल्या मंडळात राज्य सरकारचा एक, रेल्वेचा एक, संरक्षण खात्याचा एक, जकात खात्याचा एक, कामगारांचे दोन व काही स्वतंत्र सभासद असतात. मुंबई महानगरपालिकेचा प्रतिनिधी असलाच पाहिजे, असे त्यात कलम नाही. उतारू ज्या रस्त्यावर उतरतात तो रस्ता पालिकेचा, कचरा पालिकेचा. आणि निर्णयाच्या वेळी मात्र पालिकेस खुर्ची नाही! बंदर सरकारचे असेल, पण शहर नागरिकांचे आहे. ज्याच्या अंगणात पाहुणा उतरावयाचा, त्याच्या संमतीवाचून निमंत्रण धाडणे हे न्यायाचे नव्हे. कुलाब्यास रेडिओ क्लबजवळ होणाऱ्या धक्क्याचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही. परंतु जे प्रश्न आधी विचारविनिमयाने सुटावयाचे ते मागाहून वकिलांच्या फीवर सोपवावे लागणे हे चांगल्या कारभाराचे लक्षण नाही, इतके वकिलीच्या पेशातील माणसासही कबूल करावे लागेल.

या साऱ्या विचारात एका उतारूचा विसर पडू नये. तो सहलीस जात नाही. पोटासाठी अगर घरी जाण्यासाठी पाण्यावरून जातो. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकापाशी बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ती या पंक्तीतली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीस नौदलाच्या चाचणीवर असलेल्या वेगवान नावेची धडक बसून पंधरा जीव गेले, ते याच खाडीत. ज्या पाण्यात युद्धनौका, तेलाची जहाजे, मचवे आणि प्रवासी होड्या आधीच दाटीने फिरतात, त्यात आणखी तीनशे मीटरांचे जहाज आणावयाचे, तर प्रथम त्या लहान होडीच्या वाटेचा बंदोबस्त केला पाहिजे. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले या बंदरांस लागणाऱ्या आगबोटी बंद होऊन कित्येक दशके लोटली. त्या चाकरमान्याने संगमरवरी टर्मिनलकडे भाऊच्या धक्क्यावरून पाहत राहावे काय?

आमची मागणी मोजकी आहे. एक, आजची तीनशे मीटरांची मर्यादा ही बांधकामाची अडचण म्हणून न ठेवता बंदराचे धोरण म्हणून जाहीर करावी, व ती वाढवावयाची झाल्यास उपशाचा कायमचा खर्च व मासेमारीवरील परिणाम आधी प्रसिद्ध करावेत. दोन, एका दिवसात किती उतारू शहरात उतरावेत याची संख्या पालिकेच्या संमतीने ठरवावी आणि कंपन्यांशी जुनोप्रमाणे लेखी करार करावा. तीन, धक्क्यास लागलेल्या जहाजाने आपली यंत्रे बंद करून किनाऱ्यावरील वीज घ्यावी. जुनोत ही सोय २००१ पासून आहे, आणि जहाजाच्या धुराड्याखाली फोर्टातील रहिवाशाने खोकत बसण्याचे कारण नाही. चार, मुंबईस घर मानणाऱ्या व भारतीय खलाशी नेमणाऱ्या जहाजांस भाड्यात सवलत द्यावी. पाच, क्रूझवरील कराचा ठरावीक हिस्सा प्रवासी होड्यांच्या सुरक्षिततेसाठी व कोकणच्या जलवाहतुकीसाठी राखून ठेवावा.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'क्रूझ भारत' योजना याच बंदरातून जाहीर केली. २०२९ पर्यंत क्रूझच्या उतारूंची संख्या दुप्पट करण्याचा तिचा संकल्प आहे. संख्या दुप्पट व्हावी, आमची ना नाही. मात्र ती एकाच अजस्र जहाजातून एका सकाळी शहरावर ओतली जावी, की वर्षभर बेताने यावी, हे ठरविण्याची वेळ आताच आहे. करार झाले, कर्जे काढली, गाळ उपसला म्हणजे ती निघून जाईल. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपल्याकडे पोरासही शिकवितात. बंदराने ते विसरू नये. नाकापेक्षा मोती जड झाला तर नाक फाटते, आणि मोती तरीही दुसऱ्याचाच असतो.