गाडीचा एक डोळा मिटला तर

येवल्याला नात्यात वलीमा होता. जेवणे, निरोपानिरोपी, अम्मीची प्रत्येकीशी गळाभेट, असे करता करता निघायला इशा उलटून गेली. जानेवारीचे दिवस. विंचूर सोडले आणि धुके उतरायला लागले. नाशिक जिल्ह्यात पारा सर्वांत खाली निफाडला जातो, हे दर हिवाळ्यात आपण वर्तमानपत्रात वाचतो. त्या रात्री ते गाडीच्या काचेवर पाहिले. मध्ये दुभाजक नसलेल्या एका तुकड्यावर समोरून आलेला टेम्पो सरळ आमच्या अंगावर येऊ लागला. धाकट्या भावाने गाडी डावीकडे मातीत उतरवली, टेम्पो आरशाला घासून गेला. मागे झोपलेली मुले दचकून उठली.

टेम्पोवाला पुढे जाऊन थांबला आणि चालत मागे आला. भांडायला येतोय असेच आम्हाला वाटले. पण तो बिचारा स्वतःच घाबरलेला होता. म्हणाला, "भाऊ, मला मोटारसायकल वाटली. तुमचा उजवा दिवा बंद आहे."

खरे सांगायचे तर उजवा दिवा मधूनमधून दगा देतो, हे आम्हाला पंधरा दिवसांपासून ठाऊक होते. बोनेटवर थाप मारली की तो लागायचा. एवढ्याशा गोष्टीसाठी गॅरेजला कोण जाणार, म्हणून राहिले. या सदरात आजवर आम्ही मिक्सर, गिझर, पंखे यांच्याविषयी लिहिले. या वेळी गाडीच्या दिव्यांविषयी लिहितो आहोत, ते त्या रात्रीमुळे.

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. म्हणजे समोरच्याच्या दृष्टीने आपल्या गाडीचा उजवा दिवा हीच रस्त्याच्या मधल्या बाजूची खूण. तोच बंद असला तर त्याला दूर कडेला एकटा दिवा दिसतो. दुचाकी आहे असे समजून तो उरलेली जागा मोकळी धरतो. त्या जागेत आपल्या गाडीचे चार-साडेचार फूट लोखंड असते आणि बहुतेक गाड्यांत चालवणारा त्याच बाजूला बसलेला असतो. डावा दिवा गेला तरी चालवू नयेच, पण उजवा गेला तर एक रात्रही थांबू नये.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात गाडी दाखवली. त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला: पूर्ण हेडलाइट बदला. आकडा ऐकून आम्ही घरी आलो. आमच्या मोहल्ल्यात एक चाचा राहतात. सातपूरला मायकोत, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, त्यांनी आयुष्य काढले. मीटर घेऊन ते आले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "एक दिवा की दोन्ही? डिपर की अप्पर?"

निम्मा शोध या प्रश्नातच असतो, हे आम्हाला तेव्हा कळले. दोन्ही बाजूंचे डिपर एकदम गेले आणि अप्पर चालू असले तर दोन्ही बल्ब एकाच क्षणी उडाले असे क्वचितच घडते. तिथे फ्यूज, रिले नाहीतर स्टिअरिंगजवळचा स्विच पाहावा. (क्वचितच म्हणतो, कारण एक बल्ब महिन्यापूर्वी गेलेला असतो आणि दुसरा गेल्यावरच आपल्या लक्षात येते.) दोन्ही दिवे मंद असतील आणि इंजिनाचा वेग वाढवला की उजळत असतील, तर दोष दिव्याचा नसून बॅटरी किंवा अल्टरनेटरचा असण्याचा संभव जास्त. एकच बाजू बंद असेल तर त्या बाजूचा बल्ब, होल्डर, अर्थिंग आणि फ्यूज तपासावा. फ्यूजचे कारण असे की बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याचे फ्यूज वेगळे असतात.

बल्बपासून सुरुवात करणे ठीक, कारण बहुतेक वेळा जातो तोच. साध्या हॅलोजन गाड्यांत एच-फोर नावाचा तीन पायांचा बल्ब असतो. त्यात दोन तारा असतात, अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. म्हणून अप्पर चालू आणि डिपर बंद, असे एकाच बल्बात होऊ शकते. बल्ब काढण्याआधी दिवा बंद करून तो थंड होऊ द्यावा. नवा बल्ब बसवताना काचेला उघडे बोट लावू नये. बोटाचे तेल काचेवर राहते, तिथे ती जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलेच बोट, तर स्पिरिटने पुसून कोरडी करावी. एका बाजूचा गेला की दुसऱ्याचेही वय तेवढेच झालेले असते, तेव्हा जोडीने बदललेले बरे.

आमच्या गाडीत बल्ब बदलूनही फरक पडला नाही. दिवा विझत आलेल्या मेणबत्तीसारखा जळत होता. चाचांनी उजवा इंडिकेटर लावायला सांगितला. इंडिकेटर लुकलुकला की त्याच तालावर हेडलाइटही मंद व्हायचा. "अर्थिंग," एवढेच ते म्हणाले.

गाडीत प्रत्येक दिव्यासाठी परतीची वेगळी तार थेट बॅटरीपर्यंत नेत नाहीत. वीज परत जाते ती गाडीच्या पत्र्यातून. पत्र्याला एका स्क्रूने काळी तार जोडलेली असते, तेच अर्थिंग. तिथे गंज चढला की विजेची परतीची वाट अरुंद होते आणि ती दुसऱ्या दिव्यांतून वाट शोधू लागते. म्हणून इंडिकेटर लावला की हेडलाइट हलतो, किंवा ब्रेक दाबला की मागचा भलताच दिवा लागतो. असले भुताटकीचे प्रकार दिसले की नवे भाग घेण्याआधी काळ्या तारेचा स्क्रू शोधावा.

मीटर लावताना एक चूक आम्हीही केली. बल्ब काढून होल्डरच्या पायांत मीटर लावला, तर साडेबारा व्होल्ट आले. सगळे ठीक दिसले. चाचा हसले. गंजलेल्या सांध्यातूनही मीटरपुरता नाममात्र प्रवाह जातोच. पण बल्बला सुमारे साडेचार-पाच अँपिअर लागतात, ते तिथून जात नाहीत. म्हणून मोजायचे ते बल्ब जोडून, दिवा चालू ठेवून. तसे मोजले तेव्हा बॅटरीवर चौदा आणि दिव्यापाशी नऊ भरले. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असावेत आणि दिव्यापर्यंत पोहोचताना अर्ध्याहून फार कमी होऊ नयेत. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो. व्होल्टेज दहा टक्के कमी झाले की उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो. मग आपण डोळे तपासायला जातो, चष्म्याचा नंबर वाढला समजतो.

शेवटी चाचांनी बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक सुटी तार नेऊन होल्डरच्या अर्थिंगच्या पायाला लावली. दिवा लख्ख उजळला! फेंडरच्या आत बॅटरीखाली तो स्क्रू होता, हिरवा-तपकिरी पडलेला. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून तो काढला, पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासला, नवा स्क्रू आवळला, वरून थोडे ग्रीस. होल्डरचा एक पाय काळा पडला होता, तोही बदलला. पूर्ण हेडलाइटच्या किमतीपुढे हा खर्च सांगायलाही लाज वाटावी असा होता.

फ्यूजविषयी एक सक्त सूचना. दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा, असे रंग ठरलेले आहेत. उडालेल्याच्या जागी त्याच आकड्याचा घालावा. पुन्हा उडाला तर तार कुठेतरी घासली आहे, ती शोधावी. मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावून "काम भागवणारे" उस्ताद आजही आहेत. त्याने फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळते. रिलेचे सोपे आहे. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून पाहावी. दिवा लागला आणि हॉर्न गेला, तर रिले दोषी.

आता दिवसा जळणाऱ्या दिव्यांकडे, म्हणजे डीआरएलकडे. हे थंड, अंधुक देशांतून आले. स्वीडनने १९७७ सालीच दिवसाही दिवे सक्तीचे केले, युरोपीय संघाने फेब्रुवारी २०११ पासून नव्या मोटारींना डीआरएल बंधनकारक केले. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचे हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतात, ते याच विचाराने. चालवणाऱ्याला दिसावे म्हणून डीआरएल नसतो. तो दुसऱ्यांना आपण दिसावे म्हणून असतो.

आमच्या बहिणीने नवी गाडी घेतली आणि आठवड्यात फोन केला, "इंडिकेटर दिला की त्या बाजूची पांढरी पट्टी विझते." तो बिघाड नव्हे. इंडिकेटर नीट दिसावा म्हणून अनेक गाड्यांत तशीच योजना असते. हेडलाइट लावला की पट्टी मंद होते, तेही तसेच. काही गाड्यांत हँडब्रेक ओढला असताना ती लागतच नाही. आधी गाडीबरोबर आलेले पुस्तक वाचावे. ते आपल्या घरांत कपाटात कोरेच राहते. पण एकच पट्टी कायमची बंद राहिली, किंवा फडफडू लागली, तर कपलर सैल आहे का, आत पाणी शिरले का, हे पाहावे. बाहेरून एलईडी बसवून घेतले असतील तर फडफडण्याचे कारण वेगळे असू शकते. नव्या गाड्यांचा संगणक बल्ब शाबूत आहे का हे तपासायला विजेचे बारीक ठोके पाठवतो. हॅलोजनला ते कळत नाहीत, एलईडी मात्र लगेच लुकलुकतो. मूळ एलईडी पट्टीच जळाली असेल तर बहुतेक गाड्यांत ती सुटी मिळत नाही. वॉरंटीत असेल तर कंपनीकडेच जावे, तारा कापू देऊ नयेत. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत नारिंगी जाड तारांना हात लावायचा नाही, हे वेगळे सांगायला नकोच.

डीआरएलचा सर्वांत मोठा दोष बिघाडाचा नाहीच, तो गैरसमजाचा आहे. पुढची पट्टी झगमगत असते, डॅशबोर्डही उजळलेला असतो, चालवणाऱ्याला वाटते दिवे लागलेत. पण पुष्कळ गाड्यांत डीआरएलबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत. पावसाळ्यात कसारा घाटात, इगतपुरीच्या ढगात भर दुपारी अशा गाड्या दिसतात. किंवा दिसत नाहीत, हेच खरे. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यात इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. आत दिव्यांचा उजेड असल्याने चालवणाऱ्याला अंधाराची जाणीव होत नाही आणि मागून भरधाव येणाऱ्याला पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसत नाही. स्विचवर ऑटोची सोय असेल तर तो तिथेच ठेवावा, नसेल तर ढग, धुके आणि बोगदा दिसताच हाताने हेडलाइट लावावा. दिवसा धुक्यात अप्पर लावू नये. उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांतच येतो.

दुसऱ्याच्या डोळ्यांचाही विचार हवा. दिव्यांची उंची भिंतीवर तपासता येते. सपाट जागी गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करावी. बहुतेक लहान गाड्यांत डिपरची वरची कड दिव्याच्या मध्यापासून साधारण दहा सेंटिमीटर खाली पडायला हवी. नेमका आकडा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांचे छोटे चाक असते, त्याला आपल्यापैकी किती जण हात लावतात? एकटे असाल तर शून्य. मागे तिघे आणि डिकीत लग्नाचा आहेर असला की गाडीचे नाक वर होते, तेव्हा मोठा आकडा, म्हणजे उजेड खाली येतो. येवल्याहून परतताना आमचे चाक शून्यावरच होते.

हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला "सुपर व्हाइट" एलईडी बसवण्याची हौस मुलांना फार. दिव्याची वाटी हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेली असते. प्रकाश दुसरीकडून आला की तो रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. शंभर वॅटचे बल्ब तर होल्डरच वितळवतात. उजेड कमी वाटत असेल तर आधी काच पाहावी. प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडते. टूथपेस्टने चार दिवस चमकते, ओल्या पॉलिश पेपरने नीट घासली तर जास्त टिकते, पण वरून उन्हापासून राखणारा लेप दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळी. पावसानंतर आत हलके बाष्प धरणे चालते, दिवा लावला की ते जाते. खाली पाणी साचले असेल तर मागचे रबरी टोपण पाहावे. बल्ब बदलणारा ते लावायला हमखास विसरतो.

आता आमच्याकडे लांब निघताना मुलांना एक काम लावून दिले आहे. एकाने पुढे उभे राहायचे, एकाने मागे, आणि भाऊ आतून एकेक दिवा लावतो: डिपर, अप्पर, दोन्ही इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स. मुले ओरडून सांगतात, लागला, लागला. परवा ब्रेकच्या वेळी मागून आवाज आला, "डावा नाही लागला!" आम्ही मालेगावला निघालो होतो. अर्धा तास उशीर झाला, अम्मी थोड्या कुरकुरल्या, पण बल्ब बदलूनच निघालो.