धडे तयार करणाऱ्यांनी हेही शिकावे

मागच्या महिन्यात व्हाक्वाच्या बाजूला एका घरी सत्यनारायणाची पूजा होती. प्रसाद झाल्यावर घरच्या बाईंनी आम्हांला ओसरीवर बोलावून घेतले. "तुम्ही पेपरात लिहिता, तेव्हा तुम्हीच सांगा. माझी मुलगी शाळांसाठी संगणकावरचे धडे तयार करते. आता म्हणते, प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचे, तेही घरी बसून, इंटरनेटवर. पूल आणि इमारती बांधणाऱ्यांची ती विद्या. तिला तिचे काय काम?"

आम्ही तेव्हा थोडक्यात उत्तर दिले. परंतु आमच्या मराठी घरांतील कितीतरी मुलेमुली आज याच व्यवसायात आहेत. कोणी कॉलेजच्या ऑनलाइन वर्गांची व्यवस्था पाहतो, कोणी शिक्षकांना नवी साधने वापरायला शिकवतो, तर कोणी चित्रफिती व स्वाध्याय तयार करतो. म्हणून तो प्रश्न येथे जरा विस्ताराने घेतो.

बाईंचे म्हणणे मुळातच चुकीचे नव्हते. ही विद्या कारखान्यांतून व बांधकामांतूनच आली. कामांच्या आडव्या पट्ट्या काढून कोणते कधी सुरू होते व कधी संपते हे दाखविणारा गँट तक्ता विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतला. कोणते काम लांबले तर सगळेच लांबेल, हे शोधण्याची क्रिटिकल पाथची रीत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीत निघाली, आणि तिची बहीण शोभेल अशी पर्ट ही पद्धत १९५८ मध्ये अमेरिकन आरमाराच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रांसाठी. शाळेच्या फळ्याशी यांपैकी कशाचाही संबंध नव्हता.

पण शाळेत यंत्रे आली तेव्हा काय झाले तेही पाहावे. पेरू देशाने 'मुलामागे एक लॅपटॉप' या योजनेत लाखो लॅपटॉप घेतले. ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गणित व भाषा यांच्या गुणांत काही फरक आढळला नाही. लॅपटॉप पोहोचले होते, पण ते पोहोचल्यावर शिक्षकाने वर्गात काय करायचे याची तयारी तोकडी होती. लॉस एंजेलिसमध्ये २०१३ साली मुलांना आयपॅड वाटले, तेव्हा थोड्याच दिवसांत मुलांनी त्यांवरची बंधने काढून टाकली. पुढच्याच वर्षी तो करार गुंडाळावा लागला. पैसा दोन्हीकडे होता.

आपल्या बेटाकडे वळू या. २०१६ मध्ये भारताने मॉरिशसला ३५ कोटी ३० लाख डॉलरचे अनुदान दिले. त्यातून पाच कामे ठरली: मेट्रो, सर्वोच्च न्यायालयाची इमारत, कान-नाक-घशाचे रुग्णालय, घरे आणि प्राथमिक शाळेतील मुलांसाठी टॅबलेट. मेट्रोचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०१९ मध्ये सुरू झाला. गाडी धावू लागली, काम झाले, कोणालाही दिसले. टॅबलेटचे तसे नाही. तो मुलाच्या हाती पडला म्हणजे काम कोठे सुरू झाले! चार्ज कोण करणार, बिघडला तर कोणाकडे द्यायचा, त्यात कोणता धडा, तो शिक्षिकेने कोणत्या तासाला घ्यायचा, आणि अखेर मुलाला काही आले की नाही, हे सगळे पुढेच राहते. म्हणून धडे करणाऱ्याला कामाचे नियोजन पूल बांधणाऱ्याहून कमी लागते असे नाही. आमच्या मते अधिकच लागते.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही, स्वतः ठेच खाऊन सांगत आहोत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. घरात बसलेल्या मुलांसाठी बोलीभाषेतील मराठीचे चाळीस धडे करावे असे आम्हा काही मंडळींच्या मनात आले. उत्साह दांडगा होता. तीन शिक्षक, पाचसहा तरुण, एक आजी गोष्टी सांगायला. अठरा धडे झाले आणि काम थांबले.

का थांबले, याचा विचार आम्ही त्या वेळी केलाच नाही. आज करतो तेव्हा लाज वाटते. धडे कोणत्या वयाच्या मुलांसाठी, हे कोणीच ठरविले नव्हते. सात धडे सहा वर्षांच्या पोरांना साजतील असे, बाकीचे मोठ्यांसाठी. मजकूर तपासून होण्याआधीच आवाज भरला. मग आमच्या एका गुरुजींनी शब्द सुधारले आणि सगळे पुन्हा भरावे लागले, आजींना तीनतीनदा तीच गोष्ट सांगावी लागली. (त्या रागावल्या नाहीत, हे त्यांचे मोठेपण.) चौदाव्या धड्यापर्यंत एकाही मुलाला एकही धडा दाखविला नव्हता. दाखविला तेव्हा मुलाने गाणे ऐकले आणि बाकीचे पुढे सरकवले. पुढे २०२१ मध्ये सगळ्या फाइली सांभाळणारा मुलगा शिकायला कॅनडाला गेला. खात्याचा पासवर्ड त्याच्या इथल्या जुन्या मोबाइल नंबरावर बांधलेला, आणि तो नंबर बंद. मुलाचा दोष नाही. जाताना कोणाकडे काय सोपवायचे, हे त्याला आम्ही विचारलेच नाही.

यातल्या एकेका चुकीला त्या विद्येत नाव आहे. कामाची हद्द ठरविणे, कोणते काम कशावर अवलंबून आहे ते मांडणे, धोक्यांची यादी ठेवणे, काम सुपूर्द करणे. नावे मोठी वाटतात, पण बेटावरच्या माणसाला ती परकी नाहीत. वादळाचा इशारा लागण्याआधी मेणबत्त्या, पाणी, बॅटरी पाहून ठेवणारी गृहिणी धोक्यांची यादीच करत असते. गणेशचतुर्थीची तिथी पुढे ढकलता येत नाही, म्हणून माती, रंग, मखर, मोदकांचे सामान आपण उलटे मोजत येतो. हेच शहाणपण घराबाहेरच्या कामात कागदावर आणले की झाले. समितीत मात्र आपण "होईल, बघू" म्हणून उठतो.

इंटरनेटवर घरी बसून हे शिकता येईल काय? येते. दूरशिक्षण आपल्याला नवे नाही. मॉरिशस कॉलेज ऑफ द एअर १९७१ पासूनचे, ते पुढे मुक्त विद्यापीठात सामील झाले. मॉरिशस विद्यापीठानेही २००१ मध्ये शिक्षण-तंत्रज्ञानासाठी वेगळे केंद्र काढले. शिवाय आपल्या मुलांचा एक फायदा असा, की त्यांना इंग्रजी व फ्रेंच दोन्ही दरवाजे उघडे आहेत. फ्रान्समधील सेंत्राल लीलचे प्राध्यापक रेमी बाशले यांनी २०१३ मध्ये प्रकल्प व्यवस्थापनाचा खुला फ्रेंच अभ्यासक्रम सुरू केला. इंग्रजीत तर निवडीलाच त्रास व्हावा इतके अभ्यासक्रम आहेत.

तथापि नाव घालणे सोपे आणि शेवट गाठणे कठीण. एमआयटी व हार्वर्डच्या खुल्या अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्या शंभरांपैकी सुमारे तिघांनीच अभ्यास पुरा केला. पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांत मात्र शंभरांत सुमारे सेहेचाळीस जण शेवटपर्यंत गेले. म्हणून आमचे सांगणे असे, की एकट्याने बसू नये. तिघाचौघांनी एकच अभ्यासक्रम एकाच दिवशी सुरू करावा, आणि आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमावे. प्रत्यक्ष वर्ग असेल तर घड्याळही पाहून घ्यावे. लंडनचे संध्याकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे अकरा, आणि पुण्याचे सात म्हणजे आपले साडेपाच, तेव्हा मुलगी अजून बसमध्ये असते.

अभ्यासक्रम निवडताना त्यातली उदाहरणे आधी वाचावीत. सगळी इमारतींची असतील तर शिक्षकाचे वेळापत्रक, परीक्षेचा महिना, जानेवारीत उघडणारी शाळा यांचा हिशेब आपला आपणच घालावा लागेल. दुसरे असे, की धडे रचण्याच्या रीतींतही दोन घराणी आहेत. एक १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात आकाराला आलेले: आधी गरज ओळखा, मग आराखडा, मग निर्मिती, मग वापर, मग परीक्षण. दुसरे २००१ च्या अजाइल जाहीरनाम्यापासूनचे: थोडे करा, दाखवा, सुधारा. आमचे धडे दुसऱ्या रीतीने झाले असते तर मुलाने गाण्यानंतर पुढे सरकवले हे पहिल्याच आठवड्यात कळले असते. पण सरकारी पाठ्यक्रमाचे काम असेल, छापील पुस्तकाशी जुळवायचे असेल, तर पहिलीच रीत बरी. कोठे कोणती, हे जो अभ्यासक्रम शिकवतो तो घ्यावा.

नुसत्या प्रमाणपत्राच्या मागे लागणाऱ्यांना एक सूचना. पीएमपीसारखी नावाजलेली परीक्षा द्यायला प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव आधी दाखवावा लागतो. तो अनुभव द्यायचा कोणी? आमच्या मंडळांनी व समित्यांनी द्यावा, असे आम्हांला वाटते. मुलीने तक्ता आणला तर आम्ही ज्येष्ठांनी चष्मा काढून हसू नये. तक्त्यात आमच्या नावापुढे तारीख असेल, तर ती पाळावी.

त्या बाईंच्या मुलीने आपल्या अभ्यासासाठी आमचेच अडकलेले अठरा धडे मागितले आहेत. दोन मैत्रिणींना घेऊन तिने अभ्यासक्रमही सुरू केला आहे. पहिल्याच बैठकीत तिने आम्हांला विचारले, "काका, हे धडे कोणासाठी आहेत?" आम्ही सहा ते नऊ वर्षे असे लिहून दिले, खाली सही केली. तिच्या यादीप्रमाणे सहावा, अकरावा आणि बारावा हे धडे कोठेच सापडत नाहीत. २०२० साली ज्या घरांना ते फोनवर पाठविले होते, त्यांनी आपले जुने फोन एकदा उघडून पाहावेत आणि सापडल्यास या पानाच्या पत्त्यावर कळवावे. अकराव्यात आजींची कोल्ह्याची गोष्ट आहे.