बालवाडीला डिग्री कशाला?



माझ्या नणंदेची मुलगी बारावी झाली. तिला बालशिक्षणात पदवी घ्यायची आहे, गृहविज्ञान शाखेतून, रीतसर कॉलेजात जाऊन. ही बातमी आमच्या भिशीत पोचायला दोन दिवस लागले आणि तिचा निकाल लागायला दोन मिनिटं. "बालवाडीत गाणी म्हणायला डिग्री कशाला?" "मुलं सांभाळायला कुणी शिकवतं का? आपण नाही सांभाळली?" आणि सगळ्यात गोड आवाजात, "चांगलंय हो, लग्नानंतर अर्धा दिवस करता येईल." त्या दिवशी मी खाकऱ्याचा डबा पुढे सरकवला आणि गप्प बसले. आज बसणार नाही.

मागच्या थंडीत आमचं मंडळ ब्लँकेटं घेऊन जव्हार तालुक्यातल्या वावरला गेलं होतं. वावर-वांगणी हे नाव जुन्या बायकांना आठवत असेल. १९९२ साली तिथली लहान मुलं कुपोषणानं दगावली आणि सगळं राज्य हादरलं. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर वेगळा झाला २०१४ साली. आम्ही अंगणवाडीत बसलो होतो. एक मुलगा कोपऱ्यात चिंचोके मांडत होता, ना रडणं ना हट्ट. आमच्यातली एक म्हणाली, "किती शांत मूल!" सेविका काही बोलली नाही. ती त्याच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिनं ताटली चमच्यानं वाजवली. बाकीची सगळी पोरं वळली, तो वळला नाही. त्याच्या आईला तिनं जव्हारच्या रुग्णालयात कान तपासायला आधीच दोनदा सांगितलं होतं.

आम्ही दहाजणी. बहुतेक सगळ्यांना दोन-दोन मुलं झालेली. एकीच्याही लक्षात आलं नव्हतं.

"आपण नाही सांभाळली?" याला माझं हेच उत्तर आहे. आपण आपली सांभाळली. दुसऱ्याची वीस-पंचवीस मुलं, प्रत्येकाचं वय, भूक, भाषा वेगळी, ही सांभाळणं निराळी विद्या आहे. वावरचं मूल घरी वारली किंवा कोकणा बोलतं आणि अंगणवाडीत आल्यावर पुस्तकी मराठी ऐकतं. ते गप्प आहे ते ऐकू येत नाही म्हणून, कळत नाही म्हणून, की पोटात अन्न नाही म्हणून, हे ओळखायचं कसं? दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेलं मूल पावसाळ्याच्या तोंडाला परत येतं, तेव्हा त्याला कुठून धरायचं? हे गाण्यांच्या पुस्तकात नसतं.

याच पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ काम करून गेल्या. १९४५ साली बोर्डीत त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची मुलं बालवाडीत येईनात, तर बाई बालवाडी घेऊन पाड्यावर गेल्या, अंगणात बसल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसरीची महागडी साधनं परवडत नव्हती, तर बिया, शिंपले, खडे, पानं आणली. हे निव्वळ मायेनं सुचत नाही, त्यामागे शास्त्राचा अभ्यास असतो. अनुताई लहान वयात विधवा झाल्या, नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या आणि पदवी घेतली तेव्हा पन्नाशी उलटली होती. एवढं नाव झाल्यावरही त्यांना शिकावंसं वाटलं, आणि आपण अठरा वर्षांच्या मुलीला सांगतो, कशाला!

२०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. आणि त्याच धोरणात बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकेसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम धरला आहे. सहा महिने! मुलीला शिवण शिकायला आपण याहून जास्त वेळ देतो.

पैशांचं म्हणाल, तर ते खरं आहे. सेविकेला पगार नाही, मानधन मिळतं. ग्रॅच्युइटीवर तिचा हक्क आहे हे मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला. शहरातल्या नर्सरीतही फी आपण हजारोंनी भरतो आणि बाईंच्या हातात किती पडतं ते विचारत नाही. विचारतो काय, तर तीन वर्षांच्या मुलाला अजून लिहिता का येत नाही. शिकलेली बाई सांगेल की त्याची बोटं अजून पेन्सिलीला तयार नाहीत, त्याला माती मळू दे. तसं सांगणारी बाई आपल्याला आवडत नाही, हेही त्या डिग्रीला नावं ठेवण्याचं एक कारण आहे, असं मला वाटतं. राग येऊ देऊ नका.

आहारदान आणि ज्ञानदान, दोन्ही आपल्याला पाठशाळेपासून पाठ आहेत. पण ज्ञानदान म्हटलं की आपण वह्यांचे गठ्ठे बांधतो. त्या वावरच्या सेविकेनं आमच्याकडे ब्लँकेट मागितलंच नव्हतं. तिनं विचारलं होतं, "ताई, हे सगळं नीट शिकायला कुठे मिळतं? मी दहावी आहे." आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही. आम्ही तिला ब्लँकेट दिलं.

भाचीचा फॉर्म गुरुवारी भरला. पुढची भिशी माझ्या घरी आहे आणि तिला मी मुद्दाम बोलावलंय. विचारायचं ते तिलाच विचारा.