उचल आणि आगाऊ

माल पिकवणाऱ्याचा खर्च निघेल आणि त्याचे घर चालेल असा किमान भाव आधी बांधून घेतलेला सौदा म्हणजे रास्त व्यापार. दया येऊन चार पैसे जास्त देणे वेगळे.

खालापूर तालुक्यातल्या साजगावला विकणाऱ्याच्या भावाचा हा प्रश्न जुना आहे. तुकाराम महाराज कोकणात मिरची विकायला उतरले, लोकांनी हवी तेवढी नेली, पैसे मात्र दिले नाहीत. मग विठोबानेच येऊन वसुली केली, अशी कथा आहे. साजगाव-ताकईच्या बोंबल्या विठोबाशी लोकांनी ती जोडली आहे. कार्तिकातल्या त्याच्या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. देवाला धावून यावे लागले, कारण विकणाऱ्याच्या हाती ना भाव होता, ना माप.

खालापूर-कर्जतच्या कातकरी वाड्यांची अडचण तीच आहे. पहिल्या पावसात शेवळ या रानभाजीच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाईला अंधारापूर्वी वाडी गाठायची असते आणि भाजी टिकत नाही. म्हणून शेवटचा भाव गिऱ्हाईकच ठरवते. वीटभट्टीवर जाणाऱ्यांचे याहून बिकट. अडीअडचणीला घेतलेली उचल फेडायला कुटुंब हंगामभर राबते आणि मजुरीचा दरही उचल देणाराच सांगतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचल राहिली.

आगाऊ पैसे रास्त व्यापारातही असतात. कॉफी उत्पादकांच्या संस्थेने मागितल्यास खरेदीदार कराराच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आधी देतो. पण तिच्या मोबदल्यात भाव पाडता येत नाही. बाजार कोसळला तरी किमान भाव मिळतो, चढला तर चढा. शिवाय मालामागे जादा निधी मिळतो. तो विहिरीला लावायचा की शाळेला, हे उत्पादकच ठरवतात. १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या कॉफीवर ‘मॅक्स हॅवलार’ ही खूण प्रथम लागली. ग्राहक अशी खूण पाहून घेतो, कारण दुकानात उभे राहून त्याला शेत दिसत नाही. आपल्या स्वस्ताईसाठी कोणी उपाशी राहिले नाही, याची खात्री त्याला हवी असते.

शेवळांच्या टोपलीला अशा खुणेमागच्या प्रमाणपत्राचा खर्च झेपणारा नाही. तिच्यासाठी उपाय वाडीतूनच सुरू व्हावा लागतो. कर्जत तालुक्यात काशेळ्याच्या ‘अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ने आदिवासी गावांत धान्यबँका उभ्या केल्या: पावसाळ्यात धान्य न्यायचे, सुगीनंतर थोड्या वाढीने परत भरायचे. घरात दाणा असला की सावकाराचे दार वाजवावे लागत नाही आणि भट्टीवाल्याच्या दराला नाही म्हणता येते.